माझ्या बहिणीवर लिहिलेलं पुस्तक

पुस्तकात माझ्या थोरल्या बहिणीचे डोळे घारे आहेत. केस कमरेच्या खाली. ती नदीवर एकटी आंघोळीला जाते आणि गाणं गुणगुणते, आणि तिला पाहून येणारे-जाणारे वाट चुकतात. माझ्या बहिणीचे डोळे काळे होते, आईसारखे. लहानपणी मोठा ताप येऊन तिचे केस गेले, ते पुन्हा दाट असे कधी आलेच नाहीत. आणि तिच्या सासरच्या वाडीला नदी नव्हती. ओढा होता, त्यात उन्हाळ्यात घागर बुडायची नाही.

मी आता म्हातारी झाले. हे सांगताना आवाज जरा खाली ठेव, असं माझी मुलं म्हणतात. मला तो खाली ठेवायचा नाही.

आमचं घर शिवऱ्याचं. वडील, म्हणजे आबा, हमरस्त्याच्या गँगवर कामाला होते. खडी, डांबर, पावसाळ्यात खड्डे बुजवणं. आई दुसऱ्यांच्या शेतात जायची. आम्ही दोघी बहिणी. तिला मी आक्का म्हणायचे. आमच्या आळीनं धम्म स्वीकारला तेव्हा मी शाळेत होते. घरातले जुने देव गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली आणि आबांनी ठरवलं की धाकटीला शिकवायची. आक्काच्या वेळी असं काही ठरलेलं नव्हतं. ती चार दिवस शाळेत गेली आणि मग आईच्या मागं शेतावर जायला लागली. मी भोरला वसतिगृहात राहिले, शिकले, मास्तरीण झाले. आक्काला वेल्ह्याच्या पलीकडं, पासलीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत दिली. भातखाचरं, नाचणी, आणि दारापर्यंत पायवाट. एसटी वेल्ह्याला सोडायची, पुढं चालत.

नवरा दिसायला बरा होता. चार माणसांत गोड बोलायचा. घरात हात उचलायचा. कशावरून, असं मी आक्काला विचारलं होतं. ती म्हणाली, "कशावरून बी न्हाई. भाकरी करपली तरी मारतो आन् न्हाई करपली तरी मारतो. तू कशाला कारण हुडकतीस?"

ती माहेरी निघून आली ती एकदा नव्हे. दर वेळी तिचा नवरा आणि सासरा मागून यायचे, आळीतली जाणती माणसं बसायची, तो कान पकडायचा, आणि आक्का परत जायची. शेवटच्या खेपेला तिच्या डाव्या हाताची करंगळी मोडलेली होती. मी सुट्टीवर घरी होते. बैठक उठल्यावर आक्का आबांना म्हणाली, "आबा, ह्यो मला मारून टाकंल."

आबा म्हणाले, "असं वंगाळ बोलू नये. चारचौघांत शब्द दिलाय त्यानं."

"ह्याच्या आदी बी दिला व्हता."

"एवढ्या खेपंला जा. पुन्यांदा झालं तर म्या सोता घेऊन यीन."

आई चुलीपाशी बसली होती. तिनं आक्काची पिशवी भरली नाही. आक्कानं स्वतःच भरली. मी आबांशी भांडले. शिकली म्हणून लई तोंड फुटलंय, असं आबा म्हणाले. पुढं मरेपर्यंत त्यांनी आक्काचं ते वाक्य मनातून काढलं नसेल, पण माझ्यापाशी कधी त्याचा विषय काढला नाही.

त्याच पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, आक्का मेली.

जे घडलं ते मी पोलिसांच्या तोंडून, कोर्टात आणि टपालवाल्या मामांकडून ऐकलं, आणि तिन्ही ठिकाणी ते एकच होतं. सकाळी तिला मार बसला. तिनं अंगावरचं इरलं उतरवून खाचराच्या बांधावर ठेवलं, घरात जाऊन पिशवी घेतली आणि म्हणाली, "आता जाते ती जातेच." सासूनं अडवलं नाही. आक्का पायवाटेनं खाली उतरायला लागली. नवरा कोयता घेऊन मागून गेला. ती वळूनसुद्धा पाहत नव्हती. मानेवर मागून घाव घातला, आणि तो घरी येऊन चहा मागत बसला.

त्या वाटेनं टपालवाले मामा वर येत होते. हा माणूस त्या डोंगरातल्या वाड्या-वाड्यांवर पायी टपाल पोचवायचा. तेव्हाच पन्नाशीच्या पुढचा, पिकल्या मिशांचा, एका पायानं किंचित लंगडत चालणारा. त्याच्या मुली आक्काच्या वयाच्या होत्या. मामांना ती वाटेत पालथी पडलेली दिसली. जीव होता. त्यांनी टपालाची पिशवी पुढं घेतली, आक्काला पाठीवर घेतलं आणि पावसात पासलीपर्यंत आणलं. तिथून माणसांनी घोंगडीची झोळी करून तिला वेल्ह्याच्या दवाखान्याकडं नेलं. ती वाटेतच गेली. मामांच्या पाठीवर असताना ती एकदाच बोलली. म्हणाली, "मामा, टपाल भिजलं."

आक्काचं शेवटचं बोलणं हे एवढंच.

खटला पुण्यात चालला. आम्ही तारखेला जायचो, आबा, आई आणि मी. आरोपीच्या वकिलानं सांगितलं की ही बाई दुसऱ्या कुणासाठी घर सोडून निघाली होती, म्हणून नवऱ्याचं डोकं फिरलं. कुणासाठी? त्याला सांगता आलं नाही, पण त्यानं टपालवाल्या मामांना विचारलं, "तुम्ही नेमके त्याच वेळी त्या वाटेवर कसे?" मामा म्हणाले, "साहेब, टपालाची येळ तीच हाय. रोजची." मागं बसलेली काही माणसं हसली. मला तेव्हा कळलं नव्हतं की ह्या हसण्यातून पुढं काय उगवणार आहे. शेवटी न्यायाधीशांनी हा खून नव्हे, रागाच्या भरात झालेला मनुष्यवध आहे, असं धरलं. काही वर्षांची सक्तमजुरी झाली. आईनं मला विचारलं, "म्हंजी फाशी न्हाई?" मी म्हणाले, नाही. "जन्मठेप?" नाही. ती एसटीत बसल्यावर म्हणाली, "राग आला म्हनून कमी केली व्हय. मग राग आक्काला बी आला आसंल की."

कोर्टात पुढच्या बाकावर एक गृहस्थ रोज बसायचे. पांढरा बुशशर्ट, चष्मा, मांडीवर चामड्याची बॅग. आम्हाला ते सरकारी माणूस वाटले. आईनं एकदा त्यांना वाकून नमस्कार केला होता.

तोवर मला हिर्डोशीला शाळा मिळाली होती. आठवड्यातून एकदा भोरला उतरायचं, सामान घ्यायचं आणि वरच्या एसटीची वाट पाहत स्टँडवर बसायचं, असा आमचा क्रम. बरोबर आणखी एक मास्तरीणबाई असायच्या, भोर गावातल्याच, चांगल्या घरच्या. आम्ही एकाच खोलीत राहायचो. माझ्या बहिणीचा खून झाला हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. नव्या ठिकाणी गेल्यावर कोण आपण होऊन असं सांगतं?

त्या दिवशी स्टँडवर त्यांच्या हातात एक पुस्तक होतं, पुस्तकांच्या टपरीवरून घेतलेलं. अशी पुस्तकं तेव्हा खूप खपायची. खऱ्या खुनांच्या गोष्टी. वरच्या चित्रात ओलेती बाई, मागं डोंगर, कोपऱ्यात रक्ताचा ओघळ. पुस्तकाचं नाव मी इथं लिहिणार नाही. त्याची एक जरी प्रत माझ्यामुळं कुणी शोधून काढली, तर मला ते चालणार नाही.

बाई म्हणाल्या, "अहो, आपल्याच भागातलं आहे. वेल्ह्याकडचं. हातातून ठेववत नाही. ती बाई काय बिलंदर होती म्हणून सांगू. नवरा बिचारा देवमाणूस, आणि हिचं त्या पोस्टमनबरोबर."

पोस्टमन हा शब्द ऐकला आणि मी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं. हिसकावलंच म्हणा. उभ्या-उभ्या वाचत गेले. नावं बदलली होती. बाकी सगळं तिथंच होतं: वाडी, खाचर, उतरती पायवाट, कोयता. आणि त्यात घातलेलं जे होतं ते असं. टपालवाला पंचविशीतला, कुरळ्या केसांचा. तो तिला प्रेमपत्रं आणून देतो आणि ती ती पत्रं नदीकाठी बसून पुन्हा पुन्हा वाचते. नवरा सगळं जाणतो आणि मूकपणे सोसतो. एके दिवशी तो तिच्या पाया पडतो. ती हसते. त्या हसण्यानं त्याचा तोल जातो. आणि मध्येच एक वाक्य: "त्या समाजात अशा गोष्टींचं कुणाला फारसं वाईट वाटत नाही."

एसटी आली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "चला, गाडी लागली. वरती गेल्यावर वाचा."

मी म्हणाले, "ही माझी बहीण आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "पण... त्यात तर लिहिलंय की..." आणि थांबल्या. त्या वाईट नव्हत्या. पुढं आयुष्यभर त्यांनी माझ्याशी चांगुलपणाच ठेवला. पण त्या पहिल्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी विसरले नाही. समोर उभी असलेली मी, आणि हातातला छापील कागद, ह्या दोन्हींत खरं कोण, असा त्यांना प्रश्न पडला होता. मी रोज मुलांना शिकवत होते, पुस्तकात आहे ते नीट वाचा, पाठ करा. मला माझीच चीड आली.

सुट्टीला मी पुस्तक शिवऱ्याला नेलं. लपवायचा विचार मनात होता, पण गावातल्या एकानं आधीच आईला सांगितलेलं होतं. दुपारी आबा कामावर होते. आई तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "वाच. काय बी गाळू नगंस."

मी वाचायला लागले. पहिल्या पानावरच आईनं थांबवलं. "घारं डोळं? कुणाचं?"

"आक्काचे."

"फुडं वाच."

ती तांदूळ निवडत राहिली आणि अधूनमधून बोलत राहिली. हिरवी साडी आली तेव्हा म्हणाली, "हिरवं लुगडं तिच्यापाशी कवाच नव्हतं." प्रेमपत्रं आली तेव्हा हात थांबला. "तिला वाचाया कुठं येत व्हतं? सही बी आंगठ्याची." नवऱ्याच्या पाया पडण्यावर ती हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. मग खून आला. पुस्तकात ती त्याच्या समोर उभी आहे, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, आणि तो घाव घालतो तेव्हा ती त्याच्या मिठीत कोसळते, आणि मरताना पानभर बोलते.

आईनं सूप बाजूला ठेवलं. "म्या न्हाऊ घातली तिला. घाव मागं व्हता. माझी दोन बोटं जात व्हती आत. समोरून मारलं म्हनतो व्हय हा? हा माणूस कुठं राहतो?"

मी पुस्तकाच्या शेवटी पत्ता पाहिला. पुण्याची एक पेठ.

आबांनी नको म्हटलं. "मोठी माणसं हायती ती. आपलं कोन ऐकनार." आई म्हणाली, "मागल्या टायमाला तुमचं ऐकलं."  दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो.

लेखकांचं घर माडीवर होतं. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं, आम्हाला बसवलं, पाणी दिलं. ते बाहेर आले तेव्हा आईनं त्यांना लगेच ओळखलं. तेच, पुढच्या बाकावरचे, पांढऱ्या बुशशर्टचे. ती खालच्या आवाजात म्हणाली, "ह्येला म्या वाकून नमस्कार केला व्हता."

मी कोण आहे ते सांगितलं. त्यांनी घाबरल्याचं वगैरे काही दाखवलं नाही. उलट चेहरा जरा उजळला. "या या. बसा. खरं म्हणजे मलाच तुमच्याकडे यायचं होतं, पण राहून गेलं."

मी पुस्तक समोर ठेवलं आणि एकेक सांगत गेले. टपालवाले मामा म्हातारे आहेत. आक्काला वाचता येत नव्हतं. घाव मागून होता. डॉक्टरांनी कोर्टात तसं सांगितलं तेव्हा तुम्ही तिथंच बसला होता.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तुमचा राग मी समजू शकतो. पण मी नावं बदलली आहेत."

"गाव तेच आहे. वाट तीच आहे. आम्हाला सगळे ओळखतात."

"आणि प्रेमप्रकरणाचं म्हणाल तर बचावाच्या वकिलांनी ते मांडलंच होतं. माझ्या पदरचं मी नाही घातलं."

"त्यांना ते सिद्ध करता आलं नाही."

"बाई, सिद्ध करणं हे कोर्टाचं काम. माझं काम वेगळं आहे. मी माणसाच्या मनाचा शोध घेतो. खून कसा झाला हे पोलीसही सांगतात. का झाला, हे वाचकाला हवं असतं. तुमच्या बहिणीच्या खुनाला कारणच नव्हतं. म्हणजे कोर्टात आलेल्या हकिकतीत. नवऱ्यानं बायकोला मारलं, एवढंच. एवढ्यावर पुस्तक होत नाही."

आईनं पुस्तक त्यांच्याकडं सरकवलं. ती म्हणाली, "मग लिवायचं न्हाई."

ते हसले, जसं लहान मुलाच्या बोलण्यावर हसावं तसे. चहा आला. आईनं कपाला हात लावला नाही. ती त्यांना सांगायला लागली, तिच्या परीनं, की माझी लेक कशी होती. ताप आला तेव्हा कशी वाचली. भात लावताना तिचा हात कसा चालायचा. मरताना ती पानभर काही बोलली नाही. पाठीवर घेणाऱ्या माणसाला एवढंच म्हणाली की मामा, टपाल भिजलं.

लेखक पुढं झुकले. "काय म्हणाली?"

आईनं पुन्हा सांगितलं.

"हे तिनं खरंच म्हटलं? कोर्टात नाही आलं हे." आणि त्यांनी खिशातून पेन काढलं आणि समोरच्या वर्तमानपत्राच्या कडेला ते लिहून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. मी तो पाहिला. आईनंही पाहिला. ती उठली, पदर सावरला आणि जिन्याकडं चालायला लागली. मी मागून गेले. वर बसून मी खूप काही बोलू शकले असते. पण आईच्या तोंडून निघालेलं ते बोलणं त्या माणसाच्या हातात गेलं, आणि ते परत कसं घ्यायचं ते मला कळेना.

पुढच्याच वर्षी पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली. टपालवाला तसाच पंचविशीचा होता. घाव तसाच समोरून होता. एकच गोष्ट सुधारली होती. मरताना नायिका प्रियकराच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणते, "टपाल भिजलं," आणि तो तिच्या छातीपाशी लपवलेली प्रेमपत्रं बाहेर काढतो. आईला मी ते वाचून दाखवलं नाही. तिनं विचारलं, त्यात ते वाक्य घेतलं का, आणि मी होय म्हणाले. त्यानंतर आक्काचे ते शब्द तिनं आमच्या घरातसुद्धा कधी उच्चारले नाहीत.

टपालवाल्या मामांचं काय झालं तेही सांगते. वेल्ह्याच्या बाजारात लोक त्यांना कुरळे केस कुठं गेले म्हणून विचारायचे. पोरं शिट्ट्या मारायची. ज्या वाड्यांत त्यांना बायका पत्र वाचून घ्यायला ओसरीवर बसवायच्या, तिथं आता बाहेरच्या दगडावर पत्र ठेवून जा म्हणू लागल्या. त्यांच्या धाकट्या मुलीच्या सोयरिकीत कुणीतरी तो विषय काढला. त्यांनी वरिष्ठांना सांगून ती वाट सोडली आणि नोकरी संपेपर्यंत वेल्ह्याच्या टपालकचेरीत शिक्के मारत बसले. मी त्यांना भेटून म्हणाले, "मामा, आमच्यामुळं तुमच्यावर हे आलं." ते म्हणाले, "तुमच्यामुळं न्हाई. पर आता कुनी वाटंत पडलेलं दिसलं तर म्या उचलीन का, त्ये मला सांगता येत न्हाई." 

आक्काचा नवरा शिक्षा भोगून सुटला, तीही सूट मिळून लवकर. पुस्तक त्याच्या आधीच गावागावांत पोचलेलं होतं. मी त्याला भोरच्या स्टँडवर पाहिलं. चहाच्या गाड्यापाशी बाकावर बसला होता, भोवती माणसं. अंगात पांढरा सदरा. हातात पुस्तक. तुरुंगात कुणीतरी त्याला ते वाचून दाखवलं होतं, आणि तो आता स्वतःची हकिकत पुस्तकातल्याच भाषेत सांगत होता. मूकपणे सोसलं, म्हणत होता. आमच्या भागातला कुठला माणूस मूकपणे म्हणतो? कुणीतरी त्याला आणखी एक चहा सांगितला.

मला पाहून तो उठला. हात जोडले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तरीणबाई, झालं गेलं गंगंला मिळालं. तिनं मला फशिवलं, पर म्या तिला माफ केलं."

 मी म्हणाले, "तू माफ केलंस? मोडकी करंगळी घेऊन ती घरी आली होती. पाठमोरी चालत होती ती, आणि तू मागून कोयता घातलास. हे सांग ह्यांना."

 चहा पिणाऱ्यांतला एक जण, धोतर-टोपीतला, चांगला वयस्कर माणूस, मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "पर बाई, पुस्तकात तर येगळं हाय."

मी एसटीत जाऊन बसले. 

थोड्याच दिवसांत कळलं की त्याचं दुसरं लग्न ठरतंय. मुलगी माझ्याच शाळेच्या शेजारच्या वाडीतली. तिच्या धाकट्या भावाला मी शिकवत होते. मुलीचे वडील मला वाटेत भेटून अभिमानानं म्हणाले की, पाहुणा साधा न्हाई, त्याच्यावर पुस्तक निघालंय. पहिल्या बायकोनं लई छळलं बिचाऱ्याला.

मी शिवऱ्याला जाऊन आईला घेऊन आले. वेल्ह्याला निरोप दिला, तर टपालवाले मामाही आले. लंगडत, एसटी बदलत. आम्ही तिघं त्या घरी जाऊन बसलो. मुलीच्या वडिलांना आमचं येणं आवडलं नाही. ते म्हणाले, "छापलेलं खोटं आसतं व्हय? मग सरकारनं छापू कसं दिलं?"

मी त्यांना समजावत होते. मामा सांगत होते. वडील मान हलवत होते, पण ऐकत नव्हते. मुलगी आतल्या दारात उभी होती. सतरा-अठराची असेल, हाताला पीठ लागलेलं. तिनं एकदम आईला विचारलं, "आजी, कुठं मारलं व्हतं वो?"

आई उठली. तिच्याजवळ गेली. तिला खांद्याला धरून पाठमोरी केली आणि तिच्या मानेवर, केसांच्या खाली, दोन बोटं टेकवली. "हितं," ती म्हणाली. "एवढं खोल."

 मुलगी तशीच उभी राहिली. मग वडिलांकडं वळून म्हणाली, "मला न्हाई करायचं."

वडील खूप बोलले. शब्द गेला, खर्च झाला, बाहेरच्या माणसांनी घर फोडलं, सगळं. पण मुलीची आई तिच्या बाजूनं उभी राहिली, आणि लग्न मोडलं. माझ्याविरुद्ध वर तक्रारही गेली, मास्तरीणबाई शाळा सोडून सोयरिकी मोडतात म्हणून. साहेबांनी बोलावून समज दिली. मी ती ऐकून घेतली, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा जाईन असंही सांगितलं. त्यांनी हातानंच जा म्हणून खूण केली.

त्या दिवशी मुलीच्या घरून परतताना मामा आणि आई खालच्या वळणावर एसटीची वाट पाहत शेजारी शेजारी बसले होते. मामांनी पिशवीतून शेंगा काढल्या आणि दोघांनी खाल्ल्या. आक्का गेल्यापासून आईला मी मनापासून काही खाताना प्रथमच पाहत होते.

आपण जिंकलो असं मला तेव्हा वाटलं. सहा महिनेही झाले नसतील, आक्काच्या नवऱ्यानं घाटाखाली, कोकणातल्या एका गावात लग्न केलं. तिथं आमचं कुणी नव्हतं. मी वरंध्याच्या घाटानं येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारत राहिले, त्या गावात असा असा माणूस आहे का, त्याची बायको कशी आहे. कुणी सांगायचं, बरी आहे. कुणी म्हणायचं, माहीत नाही. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घाट उतरून खाली गेले, त्याचं घर विचारत. घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, मुंबईला गिरणीत कामाला लागला, बाईलाही घेऊन गेला. कशी होती ती, मी विचारलं. शेजारीण म्हणाली, "बोलायची नाय कुणाशी."

मी तिथंच ओट्यावर थोडा वेळ बसले. तिचं नावही मला कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईला जाणाऱ्यांकडं चौकशी करायला ते शेजारणीला विचारून घेतलं आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून चढाला लागले.